शहराचा सरवा

जूनचा पहिला पंधरवडा असतो. प्रभात रस्त्याच्या किंवा मॉडेल कॉलनीच्या आतल्या गल्लीत सकाळी फिरायला निघालेली माणसे ठरावीक जागी पदपथ सोडून रस्त्यावर उतरतात. वर जांभळाचे जुने झाड असते आणि खाली रात्रभर पडलेल्या फळांचा चिखल. माशा घोंगावतात, पाय घसरतो, गाड्यांच्या टपांवर डाग पडतात. आठवड्याभरात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर झाड छाटून घेण्याची मागणी येते. त्याच सकाळी मंडईबाहेर एखादी मावशी तीच जांभळे पाटीत मांडून बसलेली असते. मुलाचे बोट धरून आलेली बाई भाव विचारते आणि काही न घेता पुढे जाते.

या फळांना मालक आहे, वेचणारा नाही. बंगल्यात आजी-आजोबा दोघेच उरलेले; मुले परदेशात किंवा बाणेर-वाकडच्या फ्लॅटमध्ये. पंचाहत्तराव्या वर्षी आंब्यावर कोण चढणार? चिकू वटवाघळे खातात, रामफळ झाडावरच पिकून फुटते, चिंचेचा सडा झाडूने गोळा होऊन कचऱ्याच्या गाडीत जातो. यात कोणाचा आडमुठेपणा नाही की कंजूषपणाही नाही. झाडावरचे फळ गरजेच्या ताटापर्यंत पोहोचायला मधे चार हात, एक शिडी, एक यादी आणि कोणावर तरी सोपवलेली जबाबदारी लागते. पुण्याने ही घडी अजून बसवलेली नाही. ती बसवता येईल, आणि तिला पैसा फार लागणार नाही.

मराठीला ही कल्पना नवी नाही. ज्वारी-गव्हाची काढणी झाली, कणसे खळ्यावर गेली की शेतात मागे जे राहते, त्याला सरवा म्हणतात. भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा हाही सरवाच. ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही अशा घरांतल्या बाया आणि पोरे तो वेचायला येत, आणि त्यांना हटकायचे नाही ही गावाची रीत असे. त्याहून जुना संस्कृत शब्द उंछवृत्ती. महाभारताच्या अश्वमेध पर्वात अर्धे अंग सोन्याचे झालेल्या मुंगुसाची गोष्ट आहे. त्याचे अंग सोन्याचे झाले ते युधिष्ठिराच्या यज्ञात नव्हे. कुरुक्षेत्रावर शेतातले दाणे वेचून जगणाऱ्या एका कुटुंबाने दारी आलेल्या पाहुण्याला आपल्या वाट्याचे सातू दिले, त्या घरात ते झाले. सरवा वेचणे हे आपल्याकडे पोट भरण्याचे एक मान्य साधन होते. शेत मागे पडले, शहर आले आणि सरवा हा शब्द शहराच्या बोलण्यातून गेला. सरवा मात्र पडतोच आहे.

पुणे तर बागांच्या नावांवर वसलेले शहर. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, हिराबाग, मोदीबाग, माणिकबाग. भावे हायस्कूलच्या कोपऱ्यावरच्या पेरूगेटात आता पेरू फक्त पाटीवर आहे. चिंचवडच्या नावात चिंच आणि वड आहेत असे जुने लोक सांगतात. दक्षिणेला आंबेगाव आणि जांभूळवाडी आहेतच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले, पेठांतले हौद भरले, आणि वाड्यांच्या मागच्या बागा हिरव्या राहिल्या. इंग्रजी अमलात १८७३ मध्ये गणेशखिंडीला वनस्पती उद्यान उभे राहिले. तिथे जॉर्ज मार्शल वुड्रो यांनी आंब्याच्या लागवडीवर काम केले. ते उद्यान आज जैवविविधता वारसा स्थळ आहे. विसाव्या शतकात डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता इथे बंगले बांधले गेले तेव्हा कंपाउंडच्या कडेने आंबा, फणस, चिकू, नारळ, शेवगा लावणे हा घर बांधण्याचाच भाग होता. मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ वाढे. परसबाग हा शब्द तिथलाच, घराच्या पाठीमागचा.

ही झाडे किती आणि कुठे आहेत, हे महापालिका जाणते. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे आणि त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाने दर ५ वर्षांनी झाडांची गणना करायची असते. पुण्याच्या गणनेत सुमारे ४० लाख झाडे मोजली गेली. झाडाची जात, घेर आणि नकाशावरची जागा नोंदवली गेली. संख्येने सर्वांत पुढे निघाला गिरिपुष्प, टेकड्यांवर लागवड केलेला परका वृक्ष, ज्याचे फळ माणूस खात नाही. पण त्याच यादीत आंबा, जांभूळ, चिंच, फणस, आवळा, शेवगा, नारळ, कवठ, बेल, सीताफळ आहेत. एवढी तपशीलवार यादी हाताशी असताना तिचा उपयोग मुख्यतः झाड तोडण्याच्या परवानगीच्या वेळी व्हावा, हे मनाला लागते. त्या यादीला दोनच रकाने जोडायचे आहेत: फळ कोणत्या महिन्यात येते, आणि मालक ते वाटून घ्यायला तयार आहे का.

एका झाडाचे गणित मांडून पाहावे. बियांपासून वाढलेल्या मोठ्या जांभळाला हंगामात ८० ते १०० किलो फळ लागते. जुन्या चिंचेला वर्षाला दीडशे-दोनशे किलो. जांभळातला निम्म्याहून अधिक वाटा पाखरांचा, शेंड्याचा आणि फुटलेल्या फळांचा धरला तरी ४० किलो हाती येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळ आणि ४०० ग्रॅम भाजी असावी असे सांगितले आहे. म्हणजे एका जांभळाखालच्या ४० किलोंत ४०० ताटांतले एका दिवसाचे फळ आहे. आज ते पायाखाली जाते.

हे फळ कोणाला हवे आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली ५ वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६ टक्के मुले कमी वजनाची आढळली. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांना आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हे देशातल्या एका संपन्न राज्याचे आकडे आहेत. रेशनच्या धान्याने पोट भरते, पण लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे पाटीतल्या भाजीतून आणि फळातून यावी लागतात. महिन्याचा ताळेबंद बिघडला की घरातून सगळ्यात आधी फळ जाते, मग भाजी. भात शेवटपर्यंत राहतो.

सरकारला हे कळत नाही असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा स्थानिक फळ द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवण्यात आला. आठवड्याला एका केळ्याची तरतूद तिजोरीला जड झाली, तेव्हा शहराने आपल्या अंगणात पडणाऱ्या फळाकडे नव्याने पाहायला हवे. सरवा सरकारी जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. अंड्या-केळ्यांचा निधी मागत राहिलेच पाहिजे. पण जूनमध्ये जांभूळ, हिवाळ्यात पेरू आणि आवळा शाळेत पोहोचण्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि हे फळ किरकोळ नाही. १०० ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या कितीतरी पट. नाचणी, डाळ, पालेभाजी यांतले लोह शरीरात शोषले जायला हेच जीवनसत्त्व मदत करते. रक्तक्षय असलेल्या मुलीच्या डब्यात भाकरी-भाजीबरोबर पेरूची फोड असली तर त्या भाकरीचाही गुण वाढतो. शेवग्याच्या शेंगा सगळे खातात, पाला मात्र छाटून कचऱ्यात टाकतात. त्या पाल्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या दुपटीहून जास्त. पुण्याच्या कितीतरी वस्त्यांत, अगदी पत्र्याच्या घरांच्या रांगेतही, शेवग्याचे एखादे झाड उभे असते.

कॅनडातल्या टोरांटो शहरात २००८ मध्ये ‘नॉट फार फ्रॉम द ट्री’ नावाचा उपक्रम सुरू झाला. घरमालक आपले झाड नोंदवतो. फळ तयार झाले की स्वयंसेवकांची टोळी शिड्या घेऊन येते, फळ उतरवते आणि तिथेच त्याचे तीन वाटे करते: एक घरमालकाचा, एक तोडणाऱ्यांचा, एक जवळच्या अन्नछत्राचा किंवा निवाऱ्याचा. नियम एवढाच. मालकाला वाटते आपले झाड वाया गेले नाही, तोडणाऱ्याला घामाचे फळ मिळते, आणि तिसरा वाटा गरजेच्या घरी जातो. शेताच्या बांधावर वाटे घालण्याची पद्धत महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. अर्धेलीने जमीन कसणाऱ्या, बलुत्याचे वाटे मोजणाऱ्या समाजाला तीन वाट्यांचा हिशेब एका सकाळीत समजेल.

पुण्याचा आपला दाखला आणखी जवळचा आहे. जानेवारी ते एप्रिलमध्ये शहरभर पानगळ होते. पूर्वी ढीग लावून सर्रास पेटवत. धूर घरांत शिरे. २०१६ मध्ये अदिती देवधर यांनी ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम सुरू केला. त्यातली युक्ती साधी होती. ज्यांच्याकडे वाळकी पाने जास्त आहेत आणि ज्यांना खतासाठी, आच्छादनासाठी ती हवी आहेत, अशा लोकांची गाठ घालून द्यायची. पोती भरून पाने एका सोसायटीतून दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊ लागली. काल जो कचरा होता त्याला मागणी आली. फळाच्या बाबतीत करायचे ते हेच. फरक इतकाच की पाने महिनाभर थांबतात, जांभूळ दुपारपर्यंतही थांबत नाही.

दारोदार जाणारी माणसे आणि त्यांचा हिशेब ठेवणारी संस्थाही पुण्यात आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे. तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कचरावेचकांच्याच मालकीची. तिचे तीन हजारांहून अधिक सभासद रोज शहराच्या दारांत उभे राहतात. कोणत्या अंगणात कोणते झाड आहे, कोणाचा फणस यंदा लगडला आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? फळ उतरवण्याचे काम उभे करायचे तर त्यांना आणि वस्त्यांतल्या बचत गटांना त्यात रोजगार म्हणून जागा मिळाली पाहिजे. हौशी स्वयंसेवक रविवारी सकाळी येतात, आंबा मंगळवारीही पिकतो.

फळ उतरवणे हे कसबाचे काम आहे. कोकणात आंब्याला झेला वापरतात: लांब बांबू, टोकाला जाळीची पिशवी आणि तिच्या तोंडाशी पाते. फळ देठाच्या छोट्या तुकड्यासकट काढायचे, नाहीतर चीक सालीवर उतरतो आणि तिथे काळा डाग पडून फळ सडते. उतरवलेले आंबे चीक निथळेपर्यंत देठ खाली करून ठेवायचे, मग पेंढ्याच्या आढीत. जांभूळ आणि शेवगा यांच्या फांद्या ठिसूळ. त्यांच्यावर भरवसा ठेवून चढणारे पडतात. जांभळाखाली जुन्या सुती साडीची चारी टोके चौघींनी धरायची आणि आकडीने फांदी हलवायची, म्हणजे फळ मातीला न लागता कापडात येते. ते मिठाच्या पाण्यातून काढून त्याच दिवशी वाटावे लागते. चिंचेला घाई नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाडलेली चिंच उन्हात वाळवायची, टरफल काढायचे, चिंचोके वेगळे करायचे, मीठ लावून गोळे करायचे. बरणीत ते वर्षभर टिकतात. एका जुन्या झाडाच्या गोळ्यांवर अंगणवाडीची आमटी वर्षभर आंबट होऊ शकते. कैरीचे पन्हे, मोरावळा, आवळ्याच्या वाळवलेल्या फोडी ही सगळी बचत गटांच्या हातची कामे आहेत, आणि राज्यात अंगणवाड्यांचा गरम आहार बऱ्याच ठिकाणी हेच गट शिजवतात. स्वयंपाकघर आहे, हात आहेत. कच्चा माल तेवढा रस्त्यावर पडलेला आहे.

फळझाडाला फळ येईपर्यंत वर्षे जातात. भाजीला दीड महिना पुरतो. म्हणून सरव्याच्या जोडीला सामूहिक परसबाग हवी. या विषयात महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, द्राक्ष बागायतदारांपासून गृहिणींपर्यंत सगळ्यांना आपापल्या जमिनीवर प्रयोग करायला लावले, आणि थोड्याशा जागेत सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि पाणी यांचा मेळ घालून कुटुंबाचे पोषण कसे साधते ते दाखवले. त्याच विचाराच्या धाग्यातून मुंबईत प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग फुलवली. जिथे हजारो कामगारांचे जेवण शिजत होते तिथलीच सोलपटे, देठ आणि उरलेला भाजीपाला कुजवून माती झाली, आणि त्या मातीत पालक, टोमॅटो, पेरू, चिकू आले. पुण्याच्या गच्च्यांवरही रसवंतीतली उसाची चिपाडे, नारळाच्या शेंड्या आणि वाळकी पाने यांच्या वाफ्यांत वांगी-दोडके पिकवणारी कितीतरी कुटुंबे आहेत. ही बाग मात्र बहुतेक ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांची. एका खोलीत पाच माणसे राहतात त्या घराला कुंडी ठेवायला खिडकीही नसते.

म्हणून जागेचा प्रश्न सार्वजनिक आहे. पुणे महापालिकेची दोनशेहून अधिक उद्याने आहेत. नियोजनात ठेवलेल्या अॅमेनिटी स्पेस शहरभर विखुरलेल्या आहेत. २०२१ मध्ये त्या दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शहरात मोठा वाद झाला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली आणि महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. त्या गावांत कालपर्यंत मेथी-कोथिंबीर काढणारे हात अजून आहेत, जमिनी मात्र इमारतींखाली जात आहेत. रिकाम्या भूखंडाचा एक कोपरा, जवळच्या वस्तीतल्या महिला गटाला ५ वर्षांच्या लेखी कराराने, पाण्याच्या जोडणीसह दिला तर तिथे शेवगा, पपई, हादगा, अंबाडी, चवळी, राजगिरा येईल. भूखंडावर राडारोडा टाकणाऱ्यांनाही आळा बसेल. जर्मनीतल्या आंडरनाख या छोट्या शहराने २०१० पासून किल्ल्याच्या भिंतीलगतच्या सार्वजनिक वाफ्यांत शोभेच्या झाडांऐवजी भाज्या लावल्या आणि नागरिकांना त्या तोडायला मोकळीक दिली. पुण्याच्या उद्यानांत आज फुलाला हात लावू नये अशी पाटी असते. एका कोपऱ्यात उलट पाटी लावून पाहायला हरकत नाही.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. रहदारीच्या रस्त्यावरच्या झाडांवर धूळ आणि धूर बसतो. नाल्याकाठच्या मातीत काय मुरले आहे ते सांगता येत नाही. तेव्हा सुरुवात आतल्या गल्ल्या, बंगले, सोसायट्या आणि शिक्षणसंस्थांची आवारे इथून करावी. सोलून खायच्या फळाला धोका कमी, पालेभाजीला जास्त. म्हणून पालेभाजी तपासलेल्या मातीत आणि स्वतःच्या खतावरच घ्यावी. उंचावर चढण्यात जीव जाऊ शकतो, म्हणून झाडावर चढणे बंद, काम बांबूने आणि शिडीने, आणि काम करणाऱ्यांचा विमा. बांबू पोहोचत नाही तो शेंडा धनेशाचा, कोकिळेचा, वटवाघळाचा. त्याला हात लावायचा नाही. टेकड्यांवरची करवंदे आणि बोरेही रानाचीच राहू द्यावीत.

सगळ्यात अवघड आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. गावातला सरवा वेचणारी बाई मोकळ्या मनाने दिलेले घेत असे, तरी ती खालमानेने घेत असे. कोणाच्या शेतात कोण वाकते हे जातीने आणि जमिनीच्या मालकीने ठरलेले होते. शहराने सरवा पुन्हा आणायचा तर ती मान खाली जाता कामा नये. खाली पडलेले, डागाळलेले फळ गरिबाला आणि उतरवलेले ताजे फळ मालकाला, अशी वाटणी झाली तर हा उद्योग सुरूच करू नये. तिन्ही वाटे एकाच पाटीतून, एकाच वेळी, सगळ्यांच्या देखत पडले पाहिजेत.

पुण्याला याची शिकवण फार पूर्वी मिळालेली आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजाच्या सहकाऱ्यांसह आजच्या शहराच्याच हद्दीतल्या धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला आणि दुष्काळात होरपळलेल्या मुलांना जेवू घातले. त्यासाठी त्यांनी लोकांना मदतीचे आवाहन केले, घरोघरची मदत एका जागी आणली आणि स्वयंपाक लावला. भूक हा ज्याच्या-त्याच्या नशिबाचा प्रश्न नाही, तिच्यासाठी गावाने व्यवस्था उभारायची असते, हा त्या आश्रमामागचा विचार होता. पुढे याच शहरात माधुकरी मागून आणि वार लावून जेवून पिढ्या शिकल्या. त्या प्रथेत दात्याची कृपा आणि जातीची भिंत दोन्ही होती. घराघरांतले थोडे-थोडे एकत्र करून कोणाची तरी भूक भागवायची सवय मात्र या शहराच्या अंगात आहे. ती भिंतीशिवाय वापरायची आहे.

आता करायचे काय ते नेमके सांगता येते. महापालिकेच्या १५ क्षेत्रीय कार्यालयांपैकी एकाने वर्षभरासाठी प्रयोग करावा. वृक्षगणनेच्या यादीतून त्या हद्दीतली फळझाडे वेगळी काढावीत. उद्यान विभागाने आपल्या आवारांतल्या झाडांपासून सुरुवात करावी. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. विद्यापीठ, कृषी महाविद्यालय, जुनी महाविद्यालये यांच्या एकेका पत्राने शेकडो झाडे यादीत येतील. खत, सौरऊर्जा आणि पावसाचे पाणी साठवणाऱ्या सोसायट्यांना मिळकत करात ५ ते १० टक्के सूट मिळतेच. झाड नोंदवून तिसरा वाटा देणाऱ्या सोसायट्यांचा त्यात समावेश करावा. आणि २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची असतात. चाळीस वर्षांचा आंबा गेला तर चाळीस झाडे. बंगला पडून इमारत उभी राहताना त्या चाळीसांत शोभेचे पाम न येता निदान निम्मी देशी फळझाडे येतील, अशी अट वृक्ष प्राधिकरणाने घालावी. ही अट आज घातली तर तिची चव दहा वर्षांनी कळेल, आणि घातली नाही तर पेरूगेटासारख्या पाट्या वाढत जातील.

नागरिकांनाही थांबण्याचे कारण नाही. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामे मागवली जातात. बाके, पदपथ, दिवे यांच्या सूचना दर वर्षी येतात. त्यात सामूहिक परसबागेची पाण्याची जोडणी, खताचे वाफे, चार झेले आणि दोन शिड्या अशी मागणी जावी. महाशिवरात्रीच्या कवठापासून कार्तिकातल्या आवळ्यापर्यंत त्या प्रभागाचे फळ-पंचांग शाळेच्या फळ्यावर लिहिले जावे, आणि कोणत्या आठवड्यात कोणती गल्ली हे मुलांनीच ठरवावे. राज्याच्या शाळांत परसबागांच्या स्पर्धा होतात. त्या शाळांच्या भिंतीपलीकडे जी झाडे आहेत त्यांचीही ओळख त्या मुलांना व्हावी.

पुढच्या जूनमध्ये ते जांभूळ पुन्हा पिकेल. कोणीतरी फांद्या छाटण्यासाठी उद्यान विभागाकडे अर्ज करील. अर्जावर झाडाची जात, ठिकाण, छाटणीचे कारण लिहावे लागेल. त्याखाली आणखी एक ओळ छापायला महापालिकेला काहीच खर्च येणार नाही: छाटणीआधी फळ उतरवायला माणसे पाठवू का, आणि तिसरा वाटा कोणत्या अंगणवाडीला द्यायचा?